बाहेर झुकलेली डहाळी

उज्जैन,
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप भय्यासाहेबांस,
कृ. सा. न. वि. वि.

आल्हादभावजी सांगत होते की कानाचं नवं मशीन तुम्ही पुन्हा डबीत घालून ठेवलंय. मग पत्रच बरं. नाहीतरी फोनवर इराचं नाव निघालं की मी अर्धंच बोलते, तुम्हाला त्यातलं निम्मं ऐकू येत नाही, आणि आपण दोघंही सगळं ठीक आहे म्हणून फोन ठेवून देतो. पाय कसा आहे? जिना अजून चढू नका.

इराचं वर्षश्राद्ध वीस नोव्हेंबरला, कार्तिक वद्य पंचमीला येतं. इथल्या पंचांगात पौर्णिमेलाच महिना बदलून तो अगहन, म्हणजे मार्गशीर्ष होतो, म्हणून गुरुजींना दोनदा बजावलंय. क्षिप्रेकाठी सिद्धवटावर करायचं ठरलं आहे.

आता मुद्द्याचं. मला त्याआधी हातावर गोंदवून घ्यायचं आहे. मोठं नाही, चार बोटांएवढं. मागल्या अंगणातल्या शेवग्याची डहाळी इराने सागवानात कोरली होती ना, कापड छापायचा तो ठप्पा, त्यावरची तीच डहाळी. हॉस्पिटलमध्ये शेवटी लेकीच्या अंगावरचं सगळं, कानातले, मनगटाचा दोरा, पायातलं चांदीचं वळं, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. तेव्हापासून वाटतं, तिचं असं काही हवं जे कुणाला पिशवीत घालून देता येणार नाही.

पण मनात शंका येतेच. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे दुःख आहे की दुःखाची पाटी? कॉलेजातल्या माझ्या विद्यार्थिनी विचारतील आणि मला सांगायला आवडेल, अशी भीती वाटते. विनायकना विचारलं, तर तुला हवं ते कर म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच एवढंच म्हणतात. वर्षभरात त्यांनी लेकीचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी थांबेन.

आशीर्वादाचा हात असाच राहू द्यावा,
आपली सून,
जयू


ग्वाल्हेर,
१२ ऑक्टोबर, दसरा

चि. सौ. जयू हिस,
अ. उ. आशीर्वाद.

मशीन डबीत आहे हे खरं. ते घातलं की तुझ्या जावेचा, स्नेहाचा मिक्सर थेट माझ्या डोक्यात चालतो.

गोंदवायचं मला विचारतेस, तुझ्या सासूने कुठे विचारलं होतं? लग्नानंतरच्या पहिल्याच कार्तिक मेळ्यात मी शेंगदाणे घ्यायला गेलो, तेवढ्यात ती गोदनेवालीसमोर जाऊन बसली. परत येतो तो मनगटावर अर्धी तुळस झालेली, डोळ्यांतून धारा, आणि वर मलाच दटावणी की आता थांबवू नका, अर्धी तुळस दारात ठेवत नाहीत. माझी आई पुढे किती दिवस तिच्याशी बोलली नाही! पण शेवटी तिला न्हाऊ घातलं, बांगड्यासुद्धा काढल्या, तेव्हा तुळस तेवढी बरोबर गेली. तू तिथे होतीस. मला वाटतं, हे तुझ्या मनात तेव्हाच रुजलं.

तेव्हा खुशाल कर. पाटी-बिटी काही नाही. कुणी विचारलं तर सांग, नाही विचारलं तर नको सांगूस. मात्र एकटी जाऊ नकोस. विनायकला ने. नको म्हणाला तर भय्यासाहेबांचा हुकूम आहे म्हणावं.

इराने भैरवगढ़ला जाऊन माझ्यासाठी छापलेली चादर इथेच आहे, त्याच डहाळ्यांची. धुवायला टाकू देत नाही म्हणून स्नेहा नाक मुरडते. हवा असेल तर आल्हाद तिचा फोटो पाठवील.

म्हाताऱ्याची आठवण असू दे,
तुझा,
भय्यासाहेब


उज्जैन,
२५ ऑक्टोबर

तीर्थरूप भय्यासाहेबांस,
कृ. सा. न. वि. वि.

काल झालं. टावर चौकाजवळ मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर गोंदवणारा एक मुलगा बसतो, केदार. हुकूम सांगितल्यावर विनायक निमूट आले आणि बाहेरच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले. पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

किंमत ऐकून मी दचकले, पण सुई माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढली, ते पाहून गप्प बसले. चादरीचा फोटो मी मुद्दाम मागवला नाही. कापडावर रंग फुटतो, रेघ जाड होते. ठप्पा तिच्या हातचा, अस्सल तोच. म्हणून मऊ फडक्यात गुंडाळून तोच घेऊन गेले. केदारने त्याचा फोटो काढला. कागदावर छापलेलं काही आहे का, असं त्याने एकदा विचारलं. नाव टाकूया, दोन पानं वाढवू, आंटी, थोडा सुंदर कर देता हूँ, असंही त्याचं चाललं होतं. मी ठामपणे सांगितलं की जसं लाकडात आहे तसंच हवं, एक शीरही इकडची तिकडे नको. मग त्याने फोटोवरून उतरवलेला जांभळ्या शाईचा नकाशा माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खालच्या अंगाला, ठेवून दाबला. आरशात बघून घ्या म्हणाला. मी पानं मोजली. बरोबर होती.

दुखलं. इंजेक्शनसारखं नाही; उन्हाने पोळलेल्या जागी कुणी नखाने रेघ ओढत राहावं तसं. मनगटाकडे जास्त. मी रडले नाही, आणि नंतर त्याचंच वाईट वाटलं.

आता कोमट पाण्याने हलकेच धुवायचं, मलम अगदी पातळ लावायचं, ऊन नको, खपली निघताना खाजवायचं नाही, आणि तीन आठवडे पाण्यात बुडवायचं नाही. श्राद्धाच्या क्षिप्रास्नानाचा हिशेब मी आधीच करून ठेवला होता. एक गंमत म्हणजे वरची पारदर्शक पट्टी दुपारी झोपेत सुटली आणि पांढऱ्या अभ्र्यावर सबंध डहाळी उमटली, काळी-तांबूस. मला इतकी लाज वाटली! लगेच गार पाण्यात मीठ घालून भिजत टाकला. फोटो आल्हादभावजींच्या फोनवर पाठवते.

काळजी नसावी, माया असावी,
जयू


ग्वाल्हेर,
३ नोव्हेंबर, भाऊबीज

चि. जयू हिस,
अ. उ. आशीर्वाद.

यंदा फराळ नव्हताच, तरी स्नेहाने माझ्यापुरते चार अनारसे केले. मी दोन खाल्ले, दोन आल्हादने चोरले.

फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. काम स्वच्छ आहे, रेघ कुठे थरथरली नाही. खाजवू नकोस.

डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नाहीत. श्राद्धाला मी नसणार हे मनाला फार लागलं आहे. आणखी काही लिहायचं होतं, पण आज राहू दे.

सांभाळून राहा,
भय्यासाहेब


उज्जैन,
१० नोव्हेंबर

तीर्थरूप भय्यासाहेबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही येणार नाही म्हणून तुम्हाला त्याच ठप्प्याचं उपरणं छापून पाठवावं असं मनात आलं. काल भैरवगढ़ला गेले. इरा ज्यांच्याकडे छपाई शिकायची त्या गोपाळजींनी ठप्पा ओळखला, रंगात बुडवून उपरण्याच्या कोपऱ्यावर ठेवला, मुठीने ठोकला आणि उचलला. मी कौतुकाने माझा हात शेजारी धरला.

डहाळी उलटी आहे, भय्यासाहेब. कापडावर ती उजवीकडे झुकते, माझ्या हातावर डावीकडे. लाकडात उलटंच कोरतात, ते सरळ उमटावं म्हणून. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. इरा स्वयंपाकघरात आरसा घेऊन बसायची, आई हे बघ, हे बघ म्हणून दाखवायची. सगळं ठाऊक असून मीच त्या मुलाला एक शीरही हलवू दिली नाही.

शेवगा घराकडे झुकलाय म्हणून तिने ती तशी काढली होती. माझ्या हातावर ती माझ्या छातीकडे झुकायला हवी होती. ती बाहेर झुकली आहे, माझ्यापासून दूर. रोज तेच बघायचं.

केदारकडे गेले. त्याचा चेहरा पडला. मला म्हणाला की वर मोठं, गडद काहीतरी काढून ही झाकता येईल. मी तशीच परत आले. एवढी एकच गोष्ट तिच्यासाठी नीट करायची होती. विनायकना सांगितलं, तर ते उठून अंगणात गेले.

तुमच्या चादरीवर तर डहाळ्याच डहाळ्या आहेत. फोटो पाहिला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं का?

जयू


ग्वाल्हेर,
१५ नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा

माझ्या जयूस,
अ. उ. आशीर्वाद.

हो, कळलं होतं. चादर पांघरूनच फोटो पाहत होतो. लिहायला बसलो आणि हात धजला नाही. तुला परस्पर कळलं, त्यापेक्षा मी सांगायला हवं होतं.

तुझी समजूत घालायचं वय माझं आहे, अक्कल आहे की नाही देव जाणे. पण गेले काही दिवस एकच गोष्ट मनात घोळते आहे. चादर इराने एका दुपारी छापली. रंग ओला होता तोवर तिच्या हाताखाली होती, मग माझ्याकडे आली. ठप्पा मात्र महिनोन्‌महिने तिच्या मांडीवर होता. कोरताना ती ज्या डहाळीकडे बघत होती, जिच्यावरून बोट फिरवून भुसा झाडत होती, ती डावीकडेच झुकलेली होती. आम्हा बाकीच्यांना तिने सरळ दाखवली. तुझ्या हातावर आहे ती, इरा स्वतः बघायची तशी आहे.

हे बोलून तुझं दुःख कमी होणार नाही. माझंही झालेलं नाही. पण झाकू नकोस. इतकं ऐक.

आणि एक. ठप्प्याचा छाप सरळ पडतो, आणि तुझा हात आता ठप्पाच झालाय. तू लिहिलं होतंस, पहिल्या दिवशी अभ्र्यावर डहाळी उमटली म्हणून. ती सरळ असणार. अभ्रा धुऊन निघाला की डाग राहिलाय? राहिला असेल तर लाजू नकोस, मला पाठव.

तुझाच,
भय्यासाहेब


उज्जैन,
२४ नोव्हेंबर

तीर्थरूप भय्यासाहेबांस,
कृ. सा. न. वि. वि.

श्राद्ध व्यवस्थित पार पडलं. सिद्धवटावर गर्दी नव्हती. गुरुजींनी महिना बरोबर म्हटला. मी क्षिप्रेत स्नान केलं, हातासकट. खपल्या केव्हाच गेल्या आहेत.

अभ्रा धुतला होता, भय्यासाहेब. तुमचं पत्र आल्यावर कपाटातून काढून खिडकीशी धरला. माझं धुणं तुम्हाला माहीत आहे. कणभर डाग नाही. तीन अभ्रे पांढरे आहेत, त्यांतला तो कुठला तेही आता सांगता येत नाही. तिन्ही वेगळे ठेवले आहेत.

हात झाकणार नाही. केदारला तसं कळवलं.

श्राद्धाहून आल्यावर तुमचं पत्र टेबलावरच होतं. विनायकनी ते वाचलं, मला न विचारता. मग स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले की इराची डहाळी दाखव. वर्षानंतर त्यांच्या तोंडून तिचं नाव ऐकलं, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो उलटा करून आपल्या सदऱ्याच्या बाहीवर ठेवला. वरून तळव्याने दाबला, गोपाळजी दाबतात तसाच, जोर देऊन. थोडा वेळ धरला. मग माझा हात अलगद उचलून बाजूला केला आणि बाही उजेडात धरून पाहिली.

तिथे काय असणार? ते मात्र बराच वेळ बाहीकडे बघत राहिले. नंतर सदरा काढून त्यांनी नीट घडी घातली आणि मला म्हणाले, हा धुवायला टाकू नकोस.

उपरणं वेगळ्या पार्सलाने पाठवलं आहे. आमच्या दोघांवर लोभ असू द्यावा. आता दोघांवर म्हणते आहे.

आपली,
जयू