पॉझिटिव्ह जन्मलेल्या फिटरला गेटच्या आत घेणेबाबत

प्रति,
मा. कार्मिक अधिकारी,
सावळघाट गिअर वर्क्स, अंबड, नाशिक.

विषय : 'बी-२७ निगेटिव्ह' रिपोर्ट आणण्याची अट काढून अर्जदारास कामावर घेणेबाबत.
संदर्भ : सिक्युरिटीचे श्री. चंदर यांच्यामार्फत गेटवर मिळालेला आपला तोंडी हुकूम.

महोदय,

१) अर्जदार ललित पुंजाराम विधाते हा आपल्या असेंब्ली विभागात फिटर आहे. सकाळी उठताना त्याची कंबर लाकडासारखी ताठ असते, हालचाल केली की सैल पडते. सांध्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, त्यात एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आले. अर्जदाराने तो रिपोर्ट प्रामाणिकपणे रजेच्या अर्जाला जोडला आणि तिथेच तो फसला.

२) रिपोर्टमधला 'पॉझिटिव्ह' तेवढा वाचून त्यास घरी बसवण्यात आले, कँटीनमधला त्याचा बाक फिनाईलने पुसण्यात आला आणि निगेटिव्ह आल्याशिवाय फिरकू नये असे बजावण्यात आले. साहेब, करोना गेला, पण तो शब्द आपल्या कार्यालयातून गेलेला दिसत नाही.

३) बी-२७ हा जंतू नाही. ती पेशींवरची जन्मजात खूण आहे. अशा खुणांवरूनच शरीराचे पहारेकरी आपले कोण, परके कोण हे ओळखतात. ही खूण असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. अर्जदाराचे पहारेकरी मात्र त्याच्याच मणक्यांवर उलटले. ती खूण शिंकेतून पसरत नाही, गोळीने पुसली जात नाही. तरी हुकुमाचा मान राखून त्याने पुन्हा रक्त दिले. पुन्हा पॉझिटिव्ह. लॅबवाल्या बाई हसल्या, अर्जदाराला हसू आले नाही.

४) शिवाय या दुखण्यात बसून राहणे हेच वाईट. आपण सक्तीची विश्रांती दिल्यापासून अर्जदार अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालतो आहे.

५) आता मुख्य गोष्ट. हे जन्मापासूनचे आहे, हे अर्जदाराची आई साळूबाई हिच्या कानी पडले. मार्केटमध्ये झेंडू विकून घर चालवणारी ती बाई हबकली. "माझ्याकूनच आलं का रं तुला?" एवढेच तिने विचारले. तेव्हापासून ती ताट वेगळे घेते, नातीला जवळ येऊ देत नाही. हे लागत नाही, असे अर्जदाराने परोपरीने सांगितले. त्यावर ती म्हणते, "मग कंपनीवाले काय येडे हायेत का?"

या प्रश्नाचे उत्तर आता कंपनीच देऊ शकते. तरी त्यास कामावर घ्यावे आणि 'हा आजार लागत नाही' एवढे एक वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर, मराठीत, शिक्क्यानिशी द्यावे. हजेरी उद्यापासून लावली तरी चालेल. ते वाक्य आज हवे आहे, आईच्या जेवणाच्या आधी.

आपला नम्र आणि गेटबाहेर उभा,
ललित पुंजाराम विधाते
नाशिक, दि. १८ जून २०२४

सोबत : दोन्ही रिपोर्ट (दोन्ही पॉझिटिव्ह), डॉक्टरांचे पत्र.