मी बनवलेला पाय

ती. आईस,
तुला लेकीचा नमस्कार. बाबांनाही, अजून रुसलेले असले तरी.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. चांगली नोकरी सोडून सत्ताविसाव्या वर्षी कृत्रिम पाय बनवायला शिकायला निघाले, तेव्हा तू किती रडलीस! खरं सांगू? सुरुवातीला मीही बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. वर्गात सगळे माझ्याहून लहान, आणि माझ्या हातून एक साचा धड निघेल तर शपथ! आता जमतं, काळजी करू नकोस.

काल मी बनवलेला पहिला पाय एका बाईंना बसवला. त्या केस कापायचं काम करायच्या. अपघातानंतर काम सुटलं, पण कात्री अजून पर्समध्ये असते. कठड्याला धरून त्या थोडं चालल्या आणि एकदम थांबल्या. मी धावत जवळ गेले.

"टोचतंय का?"

"नाही गं. तुझे केस बघतेय. कुणी कापले हे? बस इथे!"

आणि कठड्याला टेकून, उभ्यानं, त्यांनी खरंच माझे केस कापले! आमचे सर बघतच राहिले. मी हसतेय की रडतेय, माझं मलाच कळेना.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या चुकवत नाहीत ना? त्यांना म्हणावं, शेजारी विचारतील तेव्हा बेधडक सांगा, आमची मुलगी लोकांना पायावर उभं करते. ती स्वतः अजून थोडी डगमगते, पण उभी आहे.

तुझीच,
चिंगी