अपवादाचं प्रकरण

चंडीगड, ३ नोव्हेंबर १९७४, रविवार
जुन्या पुस्तकांच्या दुकानात इंग्रजी शब्दांच्या रूट्सचं पुस्तक मिळालं. कव्हर नाही. शेवटचं प्रकरण, 'अपवाद', फाटलेलं. बरंच झालं. अपवाद शिकून कोणी मोठं झालेलं नाही. रोज वीस रूट्स, जानेवारीपर्यंत पाच हजार शब्द. डिक्शनरीला हात लावणार नाही. मूळ हाती लागलेल्या माणसानं पानं कशाला उलटायची?
सप्टेंबरात सर मला भर वर्गात इल्लिटरेट म्हणाले. मी डस्टर फेकला आणि कॉलेज सोडलं. डस्टर फळ्याला लागला. सरांचं ते 'इल्' मात्र माझ्याबरोबर घरी आलंय. नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून तोच आवाज. इल्, इल्.

५ नोव्हेंबर
आज इन्, इल्, इम्, इर्. सगळ्यांचा अर्थ एकच: नाही. आपल्या 'अ'सारखं. अविनाश, म्हणजे ज्याचा नाश नाही. जेवताना अप्पांना समजावून सांगितलं. अप्पा म्हणाले, नाव आम्ही ठेवलं, नाश तू करतोयस.
वीसऐवजी चारच झाले. पण पाया पक्का.

९ नोव्हेंबर
समोरच्या क्वार्टरमधली सुमेधा दुधाच्या बूथवर भेटली. बेने म्हणजे चांगलं. म्हटलं, यू आर बेनिव्होलंट. ती म्हणाली, अवि, यार, दूध लेने आई हूँ, कुछ तो सिंपल बोल. आणि हसली. इम्प्रेस झाली आहे.
तिच्या बाबांची जबलपूरला बदली झालीय, एक तारखेला निघणार, असंही म्हणाली. त्यापुढचं मला ऐकू आलं नाही. सायकलची घंटी वाजवत गेली, तेवढी ऐकू आली.

१० नोव्हेंबर
मॉर्ट म्हणजे मरण. बहुतेक रूट्स लॅटिन, आणि लॅटिन मेलेली भाषा आहे, असं पुस्तकात लिहिलंय. म्हणजे दिवसभर मी मेलेल्या माणसांचे शब्द तोंडात घेऊन फिरतो. दुपारी मागून कुणीतरी हाक मारली. वळून बघितलं. कुणी नव्हतं. आज एवढाच एक रूट.

२५ नोव्हेंबर
दिवाळीच्या फराळाचा डबा सुमेधानं परत आणला. रिकामा कसा द्यायचा म्हणून आत साखर. डब्याखाली धरलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. तिला मराठी लिहिता येत नाही, म्हणून इंग्रजीत. तुझी मैत्री मला इनव्हॅल्युएबल आहे. तुलाही माझी तशीच वाटत असेल तर रविवारी स्टेशनवर ये आणि बाबांना सांग. नाही आलास तर मी समजून जाईन.
व्हॅल्यू म्हणजे किंमत. इन् म्हणजे नाही. मिनिटसुद्धा लागलं नाही. मला किंमत नाही. आणि हे लिहायला साखर.
कपाटात अप्पांची डिक्शनरी दिसत होती. उघडली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२६ नोव्हेंबर
उत्तर लिहिलं. तुझी मैत्री मला दुप्पट इनव्हॅल्युएबल. तुझे आईबाबा इनव्हॅल्युएबल. तुमचा टॉमीसुद्धा इनव्हॅल्युएबल. स्वतः नेऊन दिलं. तिनं दारातच वाचलं. डोळे भरले. आणि मग, कमाल आहे, हसली. म्हणाली, टॉमी भी? मी म्हटलं, टॉमी सबसे ज़्यादा.
कुत्र्यावरून बोललं तरी हसते. काय मुलगी आहे.

१ डिसेंबर, रविवार, दुपारी ३
गेलो नाही. तुमच्या मुलीला काडीची किंमत नाही, हे बापाच्या तोंडावर सांगणं माझ्यानं होणार नाही. तापट असेन, नीच नाही. अप्पा-आई निरोप द्यायला गेले होते. आई म्हणाली, गाडी हलेपर्यंत सुमेधा गेटकडे बघत होती. बघू दे.

९ डिसेंबर
रूट एकही नाही. धुकं. चार वाजता समोर सायकलची घंटी. इन्, इन्. अनवाणी पळत गेलो. क्वार्टरला कुलूप. नवे लोक अजून आलेले नाहीत. आई म्हणाली, कुणी नाहीये रे, आत ये.
अप्पांनी प्लंबरकडून पाइप बदलून घेतला. इल् थांबलं. इन् थांबत नाही.

२२ जानेवारी १९७५
सुमेधाच्या आईचं पत्र. आईनं मोठ्यानं वाचलं. सुमेधाचा साखरपुडा झाला, मुलगा इंजिनीअर. पोर आधी अडून बसली होती, मग स्वतःच हो म्हणाली. तुमच्या अविनाशची चिठ्ठी तिनं आम्हांला गाडीत वाचून दाखवली. आम्ही सगळे, अगदी टॉमीसुद्धा, त्याला अमूल्य आहोत म्हणे. इतकं प्रेमानं लिहून पोरगा स्टेशनवर का आला नाही?
मी म्हटलं, अमूल्य असं मी लिहिलंच नव्हतं. मग काय लिहिलंस, आईनं विचारलं. सांगितलं. आईला इंग्रजी येत नाही. तिनं विचारलं, व्हॅल्यू म्हणजे? किंमत. आणि ते इन्? आपल्या 'अ'सारखं.
आई म्हणाली, मग अमूल्यच झालं की रे.
डिक्शनरी काढली. आईचं बरोबर आहे.

संध्याकाळी
तिला सॉरी लिहायला बसलो. बाहेर इन्, इन्. उठलो नाही. सॉरीचा रूट सगळ्या पुस्तकात शोधला, मिळाला नाही. बहुधा शेवटच्या प्रकरणात असेल.