कॉम्प्युटर तुमच्यामुळे स्लो नव्हता

बाबा,

ऑफिसमधून फोन आला, म्हणून तुम्ही फिरून यायच्या आधीच निघते आहे. आज कॉम्प्युटरवरचा एकही फोटो पुसू नका.

काल अवधूतकाकांसमोर मी म्हणाले, "बाबांच्या पक्ष्यांच्या फोटोंनीच कॉम्प्युटर स्लो केलाय." काका म्हणाले, "विका आता, कॅमेऱ्यासकट!" तुम्ही संध्याकाळी खडकवासल्याचे फोटो पुसत बसलात.

तेव्हा न तपासता बोलले, आज तपासलं. डिस्क अर्धी रिकामी आहे. कॉम्प्युटर सुरू झाला की माझ्या ऑफिसचे प्रोग्रॅम आपोआप उघडत होते. ते मीच टाकले होते. आता बंद केलेत, लगेच सुरू होतो.

रीसायकल बिनमधले फोटो जागेवर परत ठेवलेत. खंड्याचा फोल्डर मात्र तिथेही सापडला नाही. कॅमेऱ्याच्या कार्डात तो असू शकेल, म्हणून मी येईपर्यंत कॅमेऱ्याने नवे फोटो काढू नका, नाहीतर त्यांच्यामुळे तो कायमचा पुसला जाईल. नसलाच, तर तो माझ्यामुळे गेला.

पोळ्या डब्यात आहेत, आमटी गरम करून घ्या.

रविवारी अवधूतकाका येतील, तेव्हा चूक माझी होती हे त्यांच्यासमोरच सांगेन. आमच्या पेपरात चूक ज्या पानावर छापली, त्याच पानावर खुलासा देतात.

तुमची सून,
सुरुची