परसातला अळू

रेवदंडा, वैशाख वद्य पंचमी

सकाळी भरलेली टाकी दुपारी रिकामी. मग सातव्या महिन्यातली सून विहिरीवर पाणी शेंदते नि माझा जीव खालीवर. आज चौलचा नळवाला नारायण मिळाला एकदाचा. सगळे नळ पाहिले त्याने, पण गळती काही सापडेना. चहाबरोबर अळूवडी दिली, तर म्हणतो, "काकू, वैशाखात अळू? पाणी कोण घालतं त्याला?"

"कोणी नाही. टाकीमागे परसात आपोआप माजलाय."

"आपोआप कसला, तुमची टाकीच घालतेय."

आणि मी त्या अळूच्या वड्या कौतुकाने घरोघर वाटत होते. कसं सुचलं नाही मला? उद्या तो तिथेच खणणार. सुनेचं शेंदणं सुटेल. अळूचे कांदे मात्र मोरीपाशी लावायचे. बारशाला फदफदं नको का?