ट्रकला कुणाला हात लावू देऊ नका

आई,

बाबांचा हात भाजलाय. आम्ही त्यांना माणिकपूरला डॉक्टरांकडे नेतोय. रिक्षा येईपर्यंत लिहिते. गिऱ्हाईक आलं तर परत पाठवा, ट्रकला हात लावू देऊ नका.

ट्रक दाखवायचा म्हणून सुमेधने तो बऱ्याच महिन्यांनी चालू केला. टाकीत पाणी साचून डिझेलचा पंप आतून गंजला होता. डिझेल कमी-जास्त करणारी त्यातली दांडी अडकली आणि इंजिन आपोआप सुसाट फिरत सुटलं. सुमेध आत बसून बंद करायची तार ओढत होता, पण तीही त्याच दांडीला जोडलेली. शेवटी बाबांनी ओलं गोणपाट हवेच्या नळीवर दाबून धरलं, तेव्हा इंजिन गुदमरून थांबलं. त्यातच हात सायलेन्सरला टेकला.

ट्रक विकण्यावरून दोघांचा अबोला तुम्हाला ठाऊकच आहे. आज हातावर पाणी ओतताना सुमेध म्हणाला, "बाबा, लांब का नाही झालात? इंजिन फुटलं असतं."

बाबा म्हणाले, "तू आत होतास ना."

रिक्षा आली.

विनिता