ठरवून दिलेली चूक

८ डिसेंबर, सोम.
नसरीनच्या अकरावीच्या तासाला मागच्या बाकावर बसलो. माझीच विद्यार्थिनी, फळवाल्या हमीदभाईंची मुलगी. मी निवृत्त झालो त्याच कॉलेजात आता तासिका तत्त्वावर गणित शिकवते. शिकवते कसलं! फळ्यावर एक प्रश्न टाकला, चार-चारांचे गट केले, आणि बाई गप्प. पोरांचा नुसता कालवा.
माझ्या तासाला आपण प्रमेयसुद्धा चालीवर म्हणायचो, वाचनमालेतली कविता म्हणावी तसं. पोरं डोलायची.
बाहेर आल्यावर विचारलं, यात तू कुठं आहेस? हसली, आणि पुढच्या तासाला गेली.

१० डिसें., बुध.
पुन्हा गेलो. कशाला, ते मलाच ठाऊक नाही.
सुनीता म्हणून एक पोर आहे. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही मावशीकडं राहून शिकते. फळ्यापाशी अडली. मला राहवेना, सांगायला उठलो. तर म्हणते, "सांगू नका सर. चुकलंय ते कळतंय मला. कुठं चुकलं ते घावू द्या."
बसलो. संध्याकाळपर्यंत अपमान वाटत होता. मग आठवून पाहिलं, माझ्या वर्गात असं कुणी म्हणालं होतं का. डोलणारी तोंडंच आठवली.

१३ डिसें., शनि.
मंगळवारी तपासणी समिती. प्राचार्यांना 'विद्यार्थीकेंद्री' वर्ग दाखवायचाय. नसरीनला हुकूम, तालीम घ्या. हात कुणी वर करायचा, शंका कुणी काढायची, सगळं ठरलं. चूकसुद्धा नेमून दिली: विठ्ठलनं करायची, सुनीतानं दुरुस्त करायची. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या पोरांच्या रिकाम्या बाकांवर बारावीची पोरं बसवायची.
नसरीन नाही म्हणाली. प्राचार्य म्हणाले, मग पुढच्या सत्राचं तुमचं तुम्ही बघा.
हमीदभाई अंथरुणावर. घर तिच्यावरच.

१६ डिसें., मंगळ.
नसरीन तालीम न घेताच उभी राहिली. प्रश्न ज्वारीच्या राशीचा. उतार तोच ठेवून उंची दुप्पट केली, तर धान्य किती पट? सगळे म्हणाले दुप्पट. विठ्ठलनं ठसठशीत लिहिलं. समितीतले साहेब घड्याळ बघतायत. प्राचार्य दारातून मला खुणावतायत, तुम्ही तरी सांगा. आठपट. अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.
शेवटी सुनीता उठली. "थांब रं विठ्ठल. उंची वाढली की रास रुंद बी हुती ना..." आणि घंटा झाली.
साहेब जाता जाता म्हणाले, अख्खा तास गेला आणि फळ्यावर उत्तर चूक.
पोरं घंटेनंतर उठलीच नाहीत. फरशीवर खडूनं राशी काढत बसली. ते बघायला कुणी थांबलं नाही. तिकडं समितीसाठी केलेले पोहे निवत होते.

१९ डिसें., शुक्र.
नसरीनला पुढच्या सत्रात घेणार नाहीत. दुपारी प्राचार्यांचा मलाच फोन. "सर, तिचे तास तुमीच घ्या. तुमी उभं राहिलात की वर्ग कसा चिडीचूप."
हाही माझाच विद्यार्थी. सगळं तोंडपाठ असायचं त्याचं.

२१ डिसें., रवि.
नसरीनकडं गेलतो. वाटलं, नका जाऊ म्हणेल. मलाही तेच हवं होतं.
म्हणाली, "जा सर. दुसरं कुणी आलं तर पोरं परत पाठ करत बसतील." चहा पुढं सरकवला. मग खाली बघत, "पण तुमाला गप बसता येईल का?"
येईल म्हणालो. का नाही येणार.
परतताना मन जरा हलकं होतं. पहिल्या तासाला काय बोलायचं ते जुळवत चाललो होतो. लई सुरेख जमत गेलं, अगदी लयीत. घराशी पोचलो तेव्हा ध्यानात आलं, मोठ्यानं बोलतोय.
प्राचार्यांना उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचंय.